न कोरलेला तळवा

"तुझा हा बाप्या भलताच कंजूष दिसतो, अग्राफिना," निकेफर शिडीवरून म्हणाला. "एका हातानं सोडतो आणि दुसऱ्या हातानं सगळं धरून बसतो. कुणावर गेलाय गं? तुझ्यावरच ना?"

निकेफर तिचा मामेभाऊ. बर्फाळ उत्तरेतल्या अँकरेज शहराच्या या इस्पितळात दिवे, नळ, दारांच्या बिजागऱ्या असली कामं बघायचा. त्यांच्या जमातीत मामे-आते भावंडांना एकमेकांची खोड काढायचा जन्मसिद्ध हक्क असतो, आणि ज्याची खोड काढली त्यानं रागवायचं नसतं, हसायचं असतं. वडीलधारे जे तोंडावर सांगायला कचरतात ते मामेभाऊ चेष्टेत सांगून मोकळा होतो. म्हणून अग्राफिना आधी हसली. हसता हसताच तिनं भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर तिचंच छापचित्र होतं. जूनमध्ये इस्पितळानं ते विकत घेऊन बाळंतिणींच्या विभागाबाहेर लावलं होतं. मधोमध मुखवटा, अर्धा माणसाचा आणि अर्धा समुद्रातल्या सील प्राण्याचा. त्याच्याभोवती विश्वाचे थर दाखवणारी दोन कडी. आणि कड्यांच्या बाहेर, दोन बाजूंना, अंगठा नसलेले दोन हात. डाव्या बाजूच्या तळव्यात पांढरंशुभ्र गोल भोक. उजव्या बाजूच्या तळव्यात काही नाही. नुसता काळा तळवा. तिनं स्वतः कोरलेला, स्वतः शाई लावलेला, वीस वेळा कागदावर उतरवलेला आणि वीस वेळा खाली सही केलेला. वीस वेळा सही करणाऱ्या बाईला डोळे होते की नव्हते? लिनोच्या रबरासारख्या तक्त्यावर जे कोरून काढावं ते कागदावर पांढरं राहतं आणि जे कोरलं नाही ते काळं उमटतं, हे ती शाळेतल्या पोरांना शिकवत आली होती. म्हणजे ते भोक तिनं कोरलंच नव्हतं. हातातली पिशवी तिला एकदम जड झाली. पिशवीत सुकवलेला सामन मासा होता, सीलच्या तेलाची बरणी होती, मासा कापायची अर्धगोल सुरी होती, आणि हे सगळं जिच्यासाठी आणलं ती सिंका, तिची लेक, तीन दारं पलीकडे सकाळपासून सलाइन लावून पडली होती. दिवस भरून बारा दिवस उलटले होते, आणि बाळ काही केल्या बाहेर यायला तयार नव्हतं.

"काय गं?" निकेफर म्हणाला. "जिव्हारी लागलं की काय?"

"दिवा लाव तू. अंधारात बडबड जास्त करतोस," ती म्हणाली.

तळव्यात भोक का असतं हे तिच्या गावात कुणी कुणाला सांगत बसत नाही. पण तिला तिच्या आजोबांनी सांगितलं होतं, कारण तिनं विचारलं होतं, आणि ती सात वर्षांची असताना फार प्रश्न विचारायची. पाद्र्यांनी मुखवट्यांचे नाच बंद पाडले त्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. आजोबा नदीतून वाहत आलेलं लाकूड घेऊन गुपचूप मुखवटे करायचे, एक दिवस समोर ठेवून बघायचे आणि मग चुलीत घालायचे. मुखवट्याचं काम झालं की त्याला जाऊ द्यायचं, अडकवून ठेवायचं नाही, एवढंच म्हणायचे. हाताचंही तसंच. सील, मासे, हरणं आपल्याकडे आपण होऊन येतात. सगळीच मुठीत धरली तर परत कोण येईल? म्हणून हाताला अंगठा नाही आणि तळव्याला भोक. त्यातून काही निसटतं, निसटलेलं निघून जातं, आणि निघून गेलेलंच पुढच्या वर्षी परत येतं. "आणि भोक नसलं तर?" असं तिनं विचारलं होतं. आजोबांनी नुसतं चुलीत लाकूड सारलं होतं. तेव्हा ती उत्तर न मिळाल्यामुळे फुरंगटली होती. आता, बावन्नाव्या वर्षी, गुळगुळीत फरशीवर उभं राहून तिला वाटलं की आजोबा तेव्हा घाबरले असणार.

आणि हे तर लाकूडही नव्हतं चुलीत घालायला. कागद होता, काचेआड, वीस ठिकाणी. चित्रं विकणाऱ्या दुकानातल्या गोऱ्या बाईनं चित्र हातात धरून म्हटलं होतं, "दोन हात सारखे नाहीत, किती धाडसी कल्पना!" आणि अग्राफिनानं मान डोलावली होती, शहरातल्या माणसांचं बोलणं कळलं नाही की डोलावतात तशी. त्या क्षणी तिनं चित्राकडे का पाहिलं नाही? की पाहिलं होतं? हा दुसरा प्रश्न मनात आला आणि तिनं तो घाईघाईनं दूर लोटला. तिनं छातीवर क्रूस केला. चर्चमधली देवाची आई हातांच्या भोकांबद्दल काय म्हणेल कोण जाणे, पण बाळंतपणाबद्दल तिलाही माहिती होती.

ती बोटांवर महिने मोजू लागली. मोजायला नको होते. तिचा मुलगा मॅक्सिम गेल्या नोव्हेंबरात गेला. गेला म्हणजे कुस्कोक्विम नदीवर नवा बर्फ धरला होता, त्यावरून स्नोमशीन, बर्फावर पळणारी गाडी, घेऊन शेजारच्या गावाला निघाला आणि पोचला नाही. चोवीस वर्षांचा मुलगा. स्नोमशीन सापडली. एक हातमोजा सापडला. गावातल्या पुरुषांनी बर्फाला भोकं पाडून, गळ लावलेल्या दोऱ्या सोडून दोन महिने तळ धुंडाळला. जानेवारीत तिनं हा लिनो कोरला आणि जानेवारीतच सिंकाला दिवस राहिले. तोच आठवडा की पुढचा? बोटं तिथं येऊन थांबली. एकीकडे ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तळवा कोरायचा राहू देत होती आणि दुसरीकडे लेकीच्या पोटात कुणीतरी येऊन बसत होतं. आता त्याच्यासमोर आजीनं स्वतःच्या हातानं केलेला, न सोडणारा हात.

त्यांच्यात माणूस गेलं की घरात जे पुढचं बाळ येतं त्याला त्याचं नाव देतात. मुलगा असो की मुलगी. नाव नुसतं हाक मारायला नसतं, नावाबरोबर माणूस येतं. मॅक्सिम हे चर्चमधलं नाव. त्याचं खरं नाव अंगायाक, जे तिच्या त्या आजोबांचं होतं. मॅक्सिम तान्हा होता तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन "आजोबा, लंगोट बदलायचा का?" असं विचारायची आणि बायका हसून लोटपोट व्हायच्या. आता नाव पुन्हा मोकळं झालं होतं. तसं गाव म्हणत होतं. पाद्री मृतांसाठीची प्रार्थना करू या म्हणाले, तर ती म्हणाली, "कशासाठी? सापडलाय का तो?" उन्हाळ्यात नदीकाठी मासे सुकवताना तिची नणंद माव्रा हातातली सुरी न थांबवता म्हणाली, "सिंकाच्या पोटात कोण आहे ते कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. तुलाच तेवढं नाही." अग्राफिना हातातला मासा तसाच टाकून निघून आली आणि पहिल्या विमानानं शहरात परतली. त्या दिवसापासून तिच्यासमोर ते नाव कुणी घेतलं नाही. सिंकानंही नाही. सिंका तशी गप्पच मुलगी. भावाच्या अंगावर ओरडायची तेवढीच.

शिडी आवरल्याचा आवाज आला तशी ती भानावर आली आणि खोलीकडे गेली. सिंका कुशीवर वळून, कठडा धरून श्वास सोडत होती. तिचा नवरा उत्तरेला तेलाच्या विहिरींवर, धुक्यामुळे त्याचं विमान सुटत नव्हतं. यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा घाईघाईचा आवाज येत होता, आणि मधेच तो मंदावला. मंदावला आणि तसाच राहिला. मग तो पुन्हा धावायला लागला.

"डोकं खाली सरकतच नाहीये," तरुण डॉक्टरीण म्हणाली. तिचा चेहरा मायाळू होता, आणि मायाळू चेहऱ्यांनी अग्राफिनाला जास्त भीती वाटायची. नदीवरून परत आलेल्या पुरुषांचे चेहरे तसेच होते. "अजून तासभर बघू. नाहीच झालं तर ऑपरेशन करू."

"आई," सिंका दातांवर दात रोवून म्हणाली, "दारात उभी राहू नकोस ना."

अग्राफिनानं खाली पाहिलं. एक पाय आत, एक बाहेर, पिशवी छातीशी धरलेली. गरोदर बाईनं उंबऱ्यात रेंगाळायचं नाही, आत तर आत, बाहेर तर बाहेर, नाहीतर बाळही वाटेत रेंगाळतं: हे तिनंच लेकीला नऊ महिने ऐकवलं होतं. आणि सकाळी इस्पितळात निघताना, टॅक्सी खाली उभी असताना, तिनंच सिंकाला दारात थांबवलं होतं. आधी टोपी नीट केली, मग गळपट्टा, मग टोपी पुन्हा. "आई, जाऊ दे ना," असं सिंका दोनदा म्हणाली होती. तिचा हात लेकीच्या बाहीवरून सुटत नव्हता. ती विंचू चावल्यासारखी दारातून मागे सरली. पुढं व्हायचं होतं, पण मागे सरली, आणि तशीच बोळातून निकेफरच्या मागे धावली.

"खाली काढ ते."

"काय?"

"चित्र. खाली काढ. आत्ता."

"अगं, स्क्रूनं बसवलंय. चोरीला जाऊ नये म्हणून. म्हणजे तुझ्यासारख्यांनी नेऊ नये म्हणून," निकेफर म्हणाला, पण तिचा चेहरा पाहून त्यानं खिशातून पेचकस काढला. "मी थट्टा केली होती, अग्रा."

"मला कळलं. म्हणूनच सांगतेय."

झाडू-बादल्यांच्या खोलीत त्यांनी चौकट उलटी ठेवली. निकेफरनं मागचा पुठ्ठा सोडवला, काच बाजूला केली. काचेशिवाय कागदाला अजूनही शाईतल्या जवसाच्या तेलाचा वास येत होता. तिनं पिशवीतून सुरी काढली.

"भोक पाडणार?" निकेफरनं विचारलं.

"भोक पाडणार."

"इस्पितळाचं चित्र आहे ते आता. माझी नोकरी जाईल हे सांगून ठेवतो. म्हणजे पाड तू. फक्त सांगून ठेवतो."

सुरीचं टोक काळ्या तळव्यावर टेकलं. एवढंसं काम, नखाएवढं. कापलं की झालं. आणि तिथंच जानेवारीतलं ते सगळं वर आलं. तो वास, चुलीजवळ धरून मऊ केलेला लिनो, मांडीवर पडलेल्या काळसर कातरणीच्या वळ्या, खिडकीबाहेर दुपारीच पडलेला निळा अंधार. एक भोक कोरून झालं होतं. दुसऱ्या तळव्यावर पेन्सिलचं वर्तुळ काढलेलं होतं. कोरणी त्या वर्तुळाच्या कडेवर टेकलेली होती, आत्ता सुरी टेकली होती अगदी तशीच, तेव्हा फोन वाजला. माव्रा होती. "आज थांबवलं गं त्यांनी," ती म्हणाली. "बर्फ फार जाड झालाय. पोरं थकली. आता सोड त्याला, अग्राफिना." तिनं फोन ठेवला. मग कोरणी उचलली, वर्तुळाकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली. पेन्सिलची रेघ थुंकी लावून अंगठ्यानं पुसली. तोंडानं काहीतरी म्हटलंसुद्धा. काय म्हटलं ते आता तिला स्वच्छ ऐकू आलं: नाही सोडणार.

म्हणजे ती विसरली नव्हती. चूक झालीच नव्हती. वीस वेळा सही करताना तिला वीस वेळा ठाऊक होतं, आणि वीस वेळा तिनं ते स्वतःपासून लपवलं. आतापर्यंत तिला चित्राची भीती वाटत होती; आता स्वतःची वाटू लागली. आपल्यात हे सगळं करून बसलेली आणि काही न बोलणारी एक बाई राहते, आणि तिच्या हाती लेकीचं पोट आहे. कागदाला भोक पाडून ती बाई फसणार नव्हती. असल्या भोकांनी कोण फसतं? सील फसत नाहीत, मेलेले फसत नाहीत.

"अग्रा, पाड नाहीतर नको पाडूस," निकेफर हलक्या आवाजात म्हणाला. "पण असं सुरी धरून बसू नकोस. मला भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली, आणि तिनं सुरी कागदावरून उचलली. "टांग परत."

"तसंच?"

"तसंच. बघू दे लोकांना."

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून सिंकाचा आवाज येत होता. अग्राफिनाला आधी वाटलं की ती फोनवर नवऱ्याशी बोलतेय. पण सिंकाचे डोळे मिटलेले होते आणि हात पोटावर होता.

"ये ना रे दादा," ती म्हणत होती. "असं काय करतोस? आईचं मी बघते. आई काही बोलणार नाही. तू ये फक्त."

या वेळी अग्राफिना उंबऱ्यात थांबली नाही. सरळ आत गेली आणि पलंगाचा कठडा धरला. "कधीपासून म्हणतेस असं त्याला?"

सिंकानं डोळे उघडले. पकडल्या गेलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला. "पहिल्यापासून."

"मला नाही सांगितलंस."

"तू घाबरली असतीस." तिला कळ आली, तिनं ओठ चावले, मग म्हणाली, "तो पण घाबरतोय, आई. तू नको म्हणतेस म्हणून. तू नको म्हणत असलीस तर तो कुठल्या तोंडानं येईल?"

यंत्रातला आवाज मंदावला. अग्राफिना त्या आवाजाकडे बघत राहिली, जणू आवाज दिसतो. तिला स्पष्ट कळत होतं की अकरा महिने मॅक्सिम कुठंच नव्हता: नदीत नव्हता, घरी नव्हता, जिवंतांत नव्हता आणि मेलेल्यांतही नव्हता, कारण तिनं त्याला कुठं जाऊच दिलं नव्हतं. आणि आता तिनं नाव घेतलं की तो मेला. दुसऱ्या कुणी नाही, नदीनं नाही, आईनं तोंडानं त्याला मारला असं होईल. नाव नाही घेतलं तर हा आवाज असाच मंदावत जाईल. ती कधी इतकी घाबरली नव्हती. मॅक्सिम पोचला नाही म्हणून आलेल्या पहिल्या फोनच्या वेळीसुद्धा नाही. तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. तिनं वाकून लेकीच्या ताणलेल्या, गरम पोटाजवळ तोंड नेलं. पहिल्यांदा नुसती हवा आली.

"अंगायाक," ती म्हणाली. "अंगायाक, मी बोलतेय. आई. तू गेलास, बाळा. मॅक्सिम, तू गेलास. मला कळलं. आता ये."

सिंका हुंदके देऊन रडायला लागली. बाकी काही झालं नाही. ठोके होते तसेच राहिले, कधी धावत, कधी अडखळत. पंधरा मिनिटांनी डॉक्टरीण आली, तिनं यंत्राची पट्टी पाहिली आणि म्हणाली की आता वाट बघण्यात अर्थ नाही. पलंगाची चाकं सोडली गेली. बोळात निकेफर भिंतीला चिकटून उभा राहिला आणि पलंग चित्रापुढून गेला तेव्हा अग्राफिनानं वर पाहिलं नाही. आपण नाव घेतलं ते वेळेत घेतलं की उशिरा, की त्यानं काही फरकच पडला नाही, हे तिला कधीच कळणार नव्हतं. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिनं दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून धरले. निकेफर तिच्या शेजारी बसला होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला एकही चेष्टा सुचत नव्हती.

मुलगी झाली. चार वाजून गेले होते. बाळ निळसर होतं, उशिरानं रडलं, पण रडलं. सिंका पांढरीफटक पडली होती आणि तिच्या छातीवर ते गाठोडं होतं, काळ्याभोर केसांचं.

"नाव दे ना, आई," सिंका म्हणाली. "मला झोप लागायच्या आत."

नाव देताना ओठांना पाणी लावतात. गेलेल्यांना तहान असते, आणि ज्याच्या अंगावर नाव आलं त्याच्या तोंडानंच ते पाणी पितात. अग्राफिनानं हे गावात कितीदा केलं होतं, हसत, गप्पा मारत. टेबलावर प्लास्टिकच्या पेल्यात पाणी होतं. तिनं बोट त्यात बुडवायला नेलं आणि हात मधेच थांबला. पाण्यातच गेला होता तो. नाकातोंडात पाणी जाऊन, काळोखात, बर्फाखाली. त्याला पाणी कसं द्यायचं? कोणत्या आईनं असल्या पोराच्या ओठांना पाणी लावावं?

"दे ना," सिंका म्हणाली. "अकरा महिने झाले, आई. तहानला असेल."

अग्राफिनानं बोट बुडवलं. पाणी गार होतं. "अंगायाक," ती म्हणाली आणि थेंब ओठांवर ठेवला. मुलीनं तोंड मिटलेलंच ठेवलं. थेंब हनुवटीवर ओघळला. तिनं पुन्हा बोट बुडवलं. "पी, बाळा," ती म्हणाली. "भिऊ नकोस. एवढंसंच आहे." चिमुकले ओठ हलले, विलग झाले, आणि त्यांनी ते बोट पाण्यासकट आत ओढलं. ओढीला इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"अजून दे," सिंका म्हणाली.

तिनं अजून दिलं.